घरातलं तळं – भाग ७ : निऑन टेट्राची निळी रेघ

गेल्या आठवड्यात गप्पी झाला. तो बहुतेक पाण्यात तग धरतो, म्हणून नवशिक्याच्या हाती दिला जातो. त्याच हिशेबाने काही दुकानदार निऑन टेट्राही बांधून देतात, आणि तिथेच चुकतं.

जेमतेम तीन सेंटिमीटरचा हा मासा पेरू, कोलंबिया आणि पश्चिम ब्राझीलमधल्या ॲमेझॉन खोऱ्यातल्या ओढ्यांचा. जंगलाचा पालापाचोळा कुजून तिथलं बरंचसं पाणी तपकिरी आणि आम्लधर्मी झालेलं असतं, क्षार तर नावालाच. वर झाडांची दाटी, त्यामुळे ऊनही थोडंच पोचतं. त्याची निळी रेघ या अंधुक पाण्यातली आहे.

ती रंगद्रव्याची नाही. कातडीतल्या पेशींत ग्वानिनच्या अतिशय पातळ, पारदर्शक चकत्या एकीवर एक रचलेल्या असतात. त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशातला निळा-हिरवा तेवढा उठून दिसतो. खिडकीच्या झडपांसारख्या या चकत्या कलतात आणि रंग पालटतो. रात्री दिवा मालवला की रेघ जांभळट, मळकी होते. सकाळी उजेडात हळूहळू पुन्हा उजळते. मध्येच दिवा लावून फिके मासे पाहिले की काही जण घाबरून टाकीत औषध ओततात. कृपा करून तसं करू नका, थोडा वेळ थांबा. शेपटीकडचा लाल रंग मात्र रंगद्रव्याचाच. काळसर पाण्यात या रेघेचं प्रतिबिंब पृष्ठभागाच्या आतल्या बाजूला उमटतं आणि शिकारी मासा त्यालाच खरा मासा समजून फसत असावा, असा विचार जपानी संशोधकांनी मांडला आहे. मला तो फार पटतो.

१९३४ साली ओग्युस्त राबो या फ्रेंच संग्राहकाला हा मासा सापडला. तिथून तो युरोपात आला आणि १९३६ मध्ये हिंडेनबर्ग या हवाई जहाजातून अमेरिकेत पोचला. त्याच वर्षी जॉर्ज मायर्स यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मत्स्यपालनावर मासिक चालवणाऱ्या विल्यम इनेस यांचं नाव त्याला दिलं. आज बाजारात मिळणारे बहुतेक निऑन शेतांवर वाढवलेले असतात. तरी त्यांच्या अंड्यांना आजही मऊ पाणी आणि अंधारच लागतो.

म्हणून पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली, रंगीत खड्यांच्या उघड्या टाकीत त्यांना ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. तळाला गडद वाळू, वर तरंगत्या वनस्पतींची सावली, आणि निदान आठ-दहांचा थवा हवा. एकटादुकटा निऑन भेदरून कोपरा धरतो. आपल्या सोसायट्यांच्या आवारात देशी बदामाची पानं गळतात. फवारणी न झालेल्या झाडाचं वाळलेलं पान धुऊन टाकीत सोडा. त्यातल्या टॅनिनने पाणी तपकिरी होतं आणि निळा खुलतो. पाण्याचा जडपणा मात्र पानाने जात नाही. बोअरचं पाणी असेल तर त्यात आरओचं पाणी मिसळावं लागतं.

एखाद्याची रेघ दिवसाही फिकी राहिली, अंगात पांढरट डाग दिसले, तर तो लगेच वेगळा काढा. निऑन टेट्रा रोग एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही.

आणि टाकी नवी असेल तर निऑन इतक्यात आणूच नका. नव्या टाकीत अमोनिया का साठतो आणि तो पचवणारे जीवाणू कसे वाढवायचे, ते पुढच्या भागात पाहू.