अंकांकडून नादाकडे : घरगुती ध्वनिसंचासाठी ‘डॅक’ची निवड

लिखित अक्षर आणि उच्चारित ध्वनी यांचा संबंध हा भाषाभ्यासकाच्या नित्य चिंतनाचा विषय होय. ‘जग’ हा शब्द कागदावर एकाच प्रकारे लिहिला जातो. परंतु ‘विश्व’ या अर्थी त्यातील ज तालव्य असतो, तर ‘जगणे’ या क्रियापदाच्या आज्ञार्थात तो दंततालव्य होतो. कोणता उच्चार करावयाचा हे लिपी सांगत नाही. वाचक ते आपल्या भाषाज्ञानाने ठरवितो. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात अशा वाचकाचे कार्य करणारे उपकरण म्हणजे ‘डिजिटल-टु-अॅनलॉग कन्व्हर्टर’, संक्षेपाने ‘डॅक’. अंकरूपाने साठविलेला नाद वाचून त्याला विद्युत्दाबाच्या अखंड चढउतारांचे रूप देणे, हे त्याचे काम. घरच्या ध्वनिसंचासाठी हे उपकरण निवडताना कोणत्या गोष्टींना महत्त्व द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंकांत साठविलेला नाद जिन्याच्या पायऱ्यांसारखा तुटक असतो आणि महागडा डॅक त्या पायऱ्या अधिक कौशल्याने गुळगुळीत करतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. नायक्विस्ट यांनी १९२८ साली ज्याचा पाया घातला व शॅनन यांनी १९४९ साली ज्याची स्पष्ट मांडणी केली, त्या सिद्धान्तानुसार नमुने घेण्याच्या वेगाच्या निम्म्याहून कमी कंप्रतेचा नाद त्या नमुन्यांवरून पूर्णपणे निश्चित होतो. १९८२ साली जपानमध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. म्हणजे २२,०५० हर्ट्झच्या खालील नादासाठी त्या नमुन्यांतून जाणारी वक्ररेषा एकच असते. मानवी श्रवणाची वरची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ असून वयपरत्वे तीही उतरत जाते. सारांश, ‘जग’ वाचणाऱ्यापुढे जो पर्याय असतो, तो डॅकपुढे नसतो. त्याने अर्थ लावावयाचा नाही. दिले आहे ते अचूक वाचावयाचे आहे.

उपकरणाच्या वेष्टनावर छापलेल्या बिटांच्या संख्येने दिपून जाण्याचेही कारण नाही. १६ बिटांत ६५,५३६ पातळ्या मावतात आणि त्यांतून सुमारे ९८ डेसिबेलांचा पल्ला मिळतो. २४ बिटांचा सैद्धान्तिक पल्ला १४६ डेसिबेलांचा. परंतु विद्युत्मंडलातील उष्णताजन्य खरखरीमुळे उत्तम उपकरणेही साधारणतः १२० ते १३० डेसिबेलांच्या आसपास थांबतात. उलट, फिलिप्सच्या पहिल्या डिस्क-वादकांत १४ बिटांचाच डॅक होता. नमुन्यांचा वेग चौपट करून आणि खरखर श्राव्य पट्ट्याबाहेर ढकलून त्यांनी जवळजवळ १६ बिटांची गुणवत्ता साधली. आजचे बहुतेक डॅक याच विचाराचा पुढचा टप्पा असलेल्या ‘डेल्टा-सिग्मा’ पद्धतीने चालतात. तेव्हा अंतर्गत रचना कोणती यापेक्षा निष्पत्ती किती शुद्ध, हाच प्रश्न विचारावयास हवा.

येथे स्वतःची एक चूक सांगणे प्राप्त आहे. क्षेत्रकार्यातील बोलींची ध्वनिमुद्रणे घरी ऐकताना संगणकाच्या ध्वनिनिर्गमातून बारीक गुणगुण येत असे. म्हणून प्रस्तुत लेखकाने एक बऱ्यापैकी महाग डॅक घेतला. गुणगुण गेली नाही. पण आवाज मात्र ‘अधिक भरीव’ वाटू लागला. त्या आनंदात दंततालव्य व तालव्य ज यांतील भेदही अधिक स्पष्ट झाल्याची टिपणे वहीत उतरली. पुढे एका सहकाऱ्याने सहज विचारले, “निवेदकाची परीक्षा आपण जशी घेता, तशी स्वतःची घेतली काय?”

प्रश्न रास्त होता. लघुतम युग्मांतील भेद निवेदकाला जाणवतो की नाही हे पाहताना आपण त्याला उत्तर आधी सांगत नाही. श्रवणयंत्रांच्या बाबतीत अशीच पद्धत मन्सन व गार्डनर यांनी १९५० साली प्रसिद्ध केली होती. क आणि ख ऐकवावयाचे, नंतर अज्ञात क्ष ऐकवावयाचा आणि तो कोणता हे विचारावयाचे. मोजून पाहता जुन्या निर्गमाचे कमाल व्होल्टेज १ आणि नव्याचे २ व्होल्ट निघाले. म्हणजे नवा डॅक ६ डेसिबेलांनी मोठा होता, इतकेच. १०० हर्ट्झचा स्थिर स्वर लावून, स्पीकरच्या टोकांशी साध्या मल्टिमीटरने दोन्हींची पातळी एक टक्क्याच्या आत समान केली आणि गुणगुण कळू नये म्हणून सलग भाषणाचे उतारे निवडले. १६ प्रयत्नांत ९ उत्तरे बरोबर आली. केवळ नाणे उडवूनही ८ येतात. भेद जाणवला असे म्हणण्यास निदान १२ हवी होती. ती टिपणे खोडून टाकावी लागली.

हा अनुभव एकट्याचा नव्हे. मेयर व मोरन यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उच्च-विभेदी ध्वनी आणि तोच ध्वनी कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाच्या साखळीतून नेलेला, यांत फरक ओळखावयाचा होता. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर निघाले. राइस यांनी २०१६ साली अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, त्यात हे प्रमाण सुमारे ५२ टक्के आले. भेद अगदीच शून्य नाही असे त्यावरून म्हणता येईल. पण त्यासाठी किती द्रव्य वेचावे, हे उघड आहे.

मग निवड कशी करावी? पहिला प्रश्न असा की, डॅक हवाच काय? संगणकातून वा अॅम्प्लिफायरमधून दोष प्रत्यक्ष ऐकू येत नसेल, तर नको. हवा असल्यास, आपल्या साधनांना जुळणारे प्रवेशमार्ग त्यात आहेत काय ते पाहावे. भूसंयोगाच्या वेटोळ्यामुळे गुणगुण येत असेल, तर प्रकाशतंतूचा मार्ग उपकारक ठरतो. कारण त्यातून वीज वाहत नाही. आमची गुणगुण अखेर या साध्या तारेनेच गेली. निर्गम सुमारे २ व्होल्टांचा असावा. हेडफोन लावावयाचा असल्यास निर्गमाचा अवरोध हेडफोनच्या अवरोधाच्या आठव्या भागाहून अधिक नसावा. खरखर व विकृती मूळ संकेताहून १०० डेसिबेल खाली असल्याचे स्वतंत्र मापन उपलब्ध असेल, तर अधिक शोध करण्याचे प्रयोजन उरत नाही. अशी विकृती टक्क्याच्या हजाराव्या भागाएवढी असते. उलट, चांगल्या स्पीकरमध्येही खर्जात ती एक टक्क्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून उरलेला पैसा स्पीकरवर आणि खोलीतील प्रतिध्वनी शोषणाऱ्या जाड पडद्यांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे होय.

डॅकच्या निवडीचा प्रश्न असा अखेर प्रमाणाच्या प्रश्नाशी येऊन भिडतो. जे आपण निवेदकाच्या कानाकडून मागतो, ते आपल्या कानाकडून मागावयास संकोच का वाटावा? ज्याने एकदा तरी डोळे झाकून ऐकले आहे, त्याला योग्य उपकरण निवडणे फारसे अवघड जाणार नाही.