वासेदाचा संघ आणि त्याचा प्रतिस्पर्धी

बेसबॉल हा खेळ मूळचा अमेरिकेचा. नऊ-नऊ गडी, एक दांडू, एक चेंडू आणि मैदानावर चौकोनात मांडलेली चार ठाणी. चेंडू टोलवून गड्याने ही ठाणी क्रमाने गाठली की एक धाव झाली. पुढील हकीकत समजण्यास एवढे ज्ञान पुरे. ही हकीकत जपानची, टोकियोतील वासेदा विद्यापीठाच्या संघाची आहे.

हा संघ 1901 साली निघाला. त्याचे पहिले प्रमुख प्राध्यापक आबे इसो. त्याच वर्षी आबे यांनी कामगार पुढारी कातायामा सेन प्रभृतींबरोबर जपानचा पहिला समाजवादी पक्ष स्थापन केला आणि सरकारने तो तत्काळ बंद केला. पक्ष बुडाला, संघ टिकला. परंतु दोहोंमागचा माणूस एकच होता, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

1903 साली वासेदाने केइओ विद्यापीठाला पत्र पाठवून सामन्याचे आव्हान दिले. केइओचा संघ जुना आणि मुरलेला. वासेदा 9 विरुद्ध 11 धावांनी हरले. पण याच पराभवातून जपानमधील सर्वांत गाजलेली चुरस जन्मास आली.

1905 साली रशिया-जपान युद्ध चालू असतानाच आबे संघाला घेऊन अमेरिकेस गेले. स्वतः ते युद्धविरोधी होते. तेथे 26 सामन्यांपैकी 19 हरले, 7 जिंकले. मात्र हरलेले गडी रिकाम्या हातांनी परतले नाहीत. चेंडू दांडूने हलकेच अडवून जवळच पाडण्याची युक्ती, चेंडू फेकण्याच्या नव्या तऱ्हा, खिळ्यांचे बूट, हे सारे त्यांनी मायदेशी आणले व इतरांनाही शिकविले. शिकलेले लपवून ठेवले असते, तर खेळ वाढला नसता.

चुरशीला विषही लागते. 1906 साली केइओने पहिला सामना जिंकला, वासेदाने दुसरा. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांचा उन्माद इतका वाढला की दंग्याच्या भीतीने तिसरा सामना रद्द झाला. त्यानंतर तब्बल 19 वर्षे हे दोन संघ समोरासमोर आले नाहीत. 1925 साली ते पुन्हा भेटले आणि त्याच वर्षी टोकियोच्या सहा विद्यापीठांची स्पर्धा सुरू झाली.

1943 साली सरकारने ही स्पर्धा मोडली. शरदात विद्यार्थ्यांची लष्करभरतीतील सूटही गेली. रणांगणावर जाण्यापूर्वी वासेदाशी एकदा खेळावे, अशी इच्छा केइओच्या मुलांनी कळविली. वासेदाचे चालक कचरत होते. संघाचे जुने शिक्षक तोबिता सुइशु यांनी हट्ट धरला. 16 ऑक्टोबरला वासेदाच्या तोत्सुका मैदानावर सामना झाला. वासेदा 10 विरुद्ध 1 असे जिंकले. शेवटी दोन्ही बाजूंनी एकमेकांचा जयघोष केला. त्या मुलांपैकी काही युद्धावरून परतलेच नाहीत.

1906 साली ज्यांना एका मैदानावर उभे करणे धोक्याचे वाटले, त्यांच्याच वारसांनी 1943 साली निरोपासाठी एकमेकांनाच निवडले. प्रतिस्पर्धी म्हणजे शत्रू नव्हे. त्याच्यावाचून आपला खेळच उभा राहत नाही. आबे 1949 साली वारले, तेव्हा तोत्सुका मैदानाला त्यांचे नाव दिले गेले. पुढे 1987 साली ते मैदान बंद झाले आणि आज तेथे विद्यापीठाचे ग्रंथालय उभे आहे. संघ मात्र अजून खेळतो आहे, आणि समोर केइओही आहे.