बिनसेलचा बोलका टॅग

मुलांनो, टोलनाक्यावर गाडी हळू झाली, की जरा वर बघा. छताला एक चपटा, चौकोनी डबा गाडीकडे तोंड करून बसवलेला दिसेल. तो अँटेना. गाडीच्या समोरच्या काचेला आतून चिकटवलेला फास्टॅग त्याच्याशी बोलतो आणि दांडा वर जातो. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ पासून हा टॅग सक्तीचा झाला.

गंमत म्हणजे टॅगमध्ये सेलच नसतो! मग तो बोलतो कशाच्या जोरावर? रीडर नावाचं यंत्र अँटेनातून रेडिओलहरी सोडतं. त्यांतली चिमूटभर शक्ती घेऊन टॅगमधली चिप जागी होते. वॉटच्या साधारण लाखाव्या भागाइतकी शक्ती तिला पुरते! आरशाने कवडसा पाडावा, तशा त्याच लहरी किंचित बदलून ती परत पाठवते.

टॅग जास्त लांबून वाचायचा असेल तर? तुम्ही म्हणाल, सोपं आहे, रीडरची ताकद वाढवा! पण इथे एक हिशेब आडवा येतो. अंतर दुप्पट झालं, की टॅगपर्यंत पोचणारी शक्ती निम्मी नाही, पाव होते. म्हणजे दुप्पट लांबून वाचायचं तर चौपट ताकद हवी. तिप्पट लांबून? करा बघू वहीत! शिवाय ताकद किती असावी, याला सरकारी नियमांची मर्यादा आहेच.

म्हणून आधी अँटेनाची दिशा नीट करतात. बॅटरीचा झोत एकवटला, की तोच दिवा लांबवर उजेड पाडतो ना? तसंच. दुसरी युक्ती मला फार आवडते. शेताच्या पलीकडच्या माणसाला हाक मारताना आपण शब्द लांबवतो, "ए दाऽऽदाऽऽ!" रीडरही टॅगला हुकूम देऊ शकतो, 'सावकाश उत्तर दे.' उत्तर हळू आलं, की गोंगाटातही नीट ऐकू येतं. मात्र वेळ जास्त लागतो, आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते! आणि मुळात टॅग जागाच झाला नाही, तर ही युक्ती काय कामाची?

चार टॅग एकदम बोलले तर? वर्गात सगळे एकाच वेळी "हजर!" म्हणाले, तर बाईंना काय कळणार? म्हणून रीडर सांगतो, '० ते १५ मधला एक आकडा धरा. तुमचा आकडा आला, की बोला.' टॅग थोडेच असतील, तर आकडेही कमी ठेवता येतात. काम झटपट उरकतं.

पण नाक्यावर खरी परीक्षा वेगळीच असते. रीडर फार लांबचं वाचू लागला, तर शेजारच्या रांगेतला टॅगही वाचेल. दांडा उघडेल एकासाठी, पैसे कापले जातील दुसऱ्याचे! अशा वेळी ताकद चक्क कमी करावी लागते, अँटेना आणखी खाली झुकवावा लागतो.

आता थोडं आई-बाबांसाठी. टॅग हातात धरून दाखवू नका. शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं, त्यामुळे बोटांखाली दाबलेला टॅग नीट वाचला जात नाही. काही गाड्यांच्या काचेत धातूचा पातळ थर असतो, आणि धातू लहरींना अडवतो. अशा काचेवर बहुधा आरशाजवळ लहरींसाठी मोकळी जागा सोडलेली असते. मुलांनो, गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत ती जागा दाखवली आहे का, हे तुम्हीच शोधून काढा.