जेट, रॉकेल आणि डांबरगोळ्या : घुग्घुस पट्ट्यातील इंधनयुक्त्यांचा मागोवा

वर्धा नदीकाठचे घुग्घुस कोळसा आणि सिमेंट यांवर वाढले. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण 1973 साली झाले, वेस्टर्न कोलफिल्ड्स 1975 साली स्थापन झाली, आणि खाणी व सिमेंट कारखाना यांच्या आधाराने स्थिरावलेल्या पगारदार वर्गाबरोबर या पट्ट्यात खासगी मोटारी आणि त्या दुरुस्त करणारे मिस्त्रीही आले. पुढील चार-पाच दशकांत देशभरच्या गॅरेजांप्रमाणे येथेही गाडीची ताकद वाढवण्याचे जे घरगुती उपाय चालत राहिले, त्यांपैकी बहुतेक इंधनाशी निगडित होते. त्यांच्यामागील समजूत एकच होती, की जास्त पेट्रोल पाजले म्हणजे इंजिन जास्त जोर लावते.

ॲम्बॅसॅडर, पद्मिनी आणि 1983 च्या डिसेंबरात आलेली मारुती 800 या तिन्ही गाड्यांचा काळ कार्बोरेटरचा होता. कार्बोरेटर म्हणजे इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेत पेट्रोलचा फवारा मिसळणारे उपकरण, आणि त्यातील पेट्रोल मोजून सोडणारी, बारीक छिद्राची पितळी तोटी म्हणजे जेट. ते छिद्र तारेने कोरून मोठे करणे, एक नंबर मोठे जेट बसवणे किंवा हवेचा स्क्रू पाव आटा फिरवणे, असे उपाय ‘पिकअप’साठी केले जात. वास्तविक पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते आणि सर्वाधिक ताकद साधारण 12.5 ते 13 भागांच्या दरम्यान मिळते. मारुतीचे 796 घनसेंटीमीटरचे इंजिन मिनिटाला 5000 फेरे घेताना, दर दोन फेऱ्यांत एकदाच हवा आत घेत असल्याने, फार तर 2000 लिटर हवा ओढू शकते. 45 अंश तापमानात या हवेचे वजन सुमारे 2.2 किलो भरते, आणि तेवढ्या हवेत जेमतेम 170 ग्रॅम पेट्रोल कामी येते. त्यापुढचे पेट्रोल काळा धूर होऊन बाहेर पडते, प्लग काळे करते आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते.

तरीही गाडी सुधारल्याचा अनुभव अनेकांना आला, आणि तो सगळाच भ्रम नव्हता. जेट बदलण्यासाठी कार्बोरेटर उघडला म्हणजे तो साफही होत असे, प्लग आणि पॉइंटचा गॅप त्याच हाताने नीट केला जात असे, आणि हरवलेली ताकद परत मिळाल्याचे श्रेय मात्र मोठ्या जेटला जात असे. ताकद मोजणारा डायनॅमोमीटर पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थेत असतो. गल्लीतल्या गॅरेजात चालकाची पाठच मोजमाप करी, आणि इंजिनाचा आवाज वाढला तरी तिला जोर वाढल्यासारखे वाटे.

घुग्घुसमध्ये या प्रश्नाला धुळीची बाजू आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली गंभीर प्रदूषित ठरवलेल्या औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूरचा समावेश होता. कोळशाची व सिमेंटची धूळ एअर फिल्टरवर साचली की हवा कमी पडते, कार्बोरेटरचे मिश्रण आपोआप पेट्रोलकडे झुकते आणि गाडी जड चालते. त्यावर फिल्टरच काढून टाकण्याची युक्ती काही दिवस खरोखर लागू पडते, कारण इंजिनाला हवा मोकळी मिळते. परंतु तीच कणीदार धूळ पिस्टन-रिंग आणि सिलिंडर घासून टाकते, कॉम्प्रेशन उतरते आणि इंजिन बोर करण्याची पाळी येते. ताकदीच्या नावाखाली ताकद घालवण्याचा याहून खात्रीचा मार्ग दुसरा नसावा. उष्णतेची गोष्ट वेगळी होती. मे महिन्यात इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे, तेव्हा पंपावर ओले फडके गुंडाळण्याचा उपाय पूर्णपणे शास्त्रशुद्ध होता. मात्र त्याने इंजिन चालू होई, बलवान होत नसे.

बाकीच्या युक्त्यांची फार दखल घेण्याचे कारण नाही. पेट्रोलच्या टाकीत टाकलेल्या डांबरगोळ्या, म्हणजे नॅप्थलीन, विरघळतात खऱ्या, पण पेट्रोल उडून गेले की त्यांचे स्फटिक जेटमध्ये अडकतात. रॉकेलमुळे ऑक्टेन, म्हणजे अवेळी पेट न घेण्याचा इंधनाचा गुण, घटून इंजिन ठोकू लागते. पेट्रोलच्या नळीला बांधायच्या चुंबकासारख्या उपकरणांबाबत अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने शंभरांहून अधिक वस्तू तपासल्या, आणि त्यांपैकी मोजक्याच वस्तूंनी इंधनाची किंचित बचत दाखवली.

2000 सालानंतर एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने प्रत्येक सिलिंडरजवळ पेट्रोल फवारणारी पद्धत रुळली आणि फिरवायला स्क्रूच उरला नाही. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर मिश्रणातील फेरफार क्षणात दुरुस्त करतो, त्यामुळे बाहेरून केलेली लुडबूड बहुधा निष्फळ ठरते. डिझेल हा मात्र खरा अपवाद आहे. त्या इंजिनात हवा मुळातच जादा असते, म्हणून पंपातून डिझेल वाढवले की धुराच्या मर्यादेपर्यंत ताकद वाढते, आणि टर्बो डिझेल कारच्या संगणकातील आज्ञा बदलल्यास ती ठळकपणे वाढते. मोबदल्यात टर्बो, क्लच आणि पिस्टन यांचे आयुष्य कमी होते.

2023 पासून पंपांवर आलेल्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने या जुन्या वादाला अनपेक्षित वळण दिले आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने अशा पेट्रोलला 14.7 ऐवजी सुमारे 13.5 भाग हवा पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागते, आणि कार्बोरेटरची जुनी गाडी त्यावर उपाशी चालते. तिच्यासाठी एक नंबर मोठे जेट हा आता सबळ कारण असलेला उपाय आहे; तरी त्यातून मिळते ती गाडीची मूळची ताकदच, आणि रबरी नळ्या व गॅस्केट त्याआधी बदलाव्या लागतात.