प्रभाव की पडताळा? : गायतोंडे यांचा न्यूयॉर्क-प्रवास

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेले वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) १९६४ मध्ये रॉकफेलर निधीची पाठ्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेले आणि तेथील संग्रहालये व कलादालने त्यांनी पाहिली. या वास्तव्यात मार्क रॉथ्को प्रभृतींचा प्रभाव पडून त्यांच्या कलेस निर्णायक वळण मिळाले, असे पुष्कळदा म्हटले जाते. हे विधान कालक्रमाच्या कसोटीस कितपत उतरते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम पूर्वस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. गायतोंडे यांच्या आरंभीच्या चित्रांत पाउल क्ले यांच्या रेषेचे पडसाद आढळतात. परंतु १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या चित्रांतील आकृती विरत गेली होती. त्यानंतर लवकरच कुंचल्याऐवजी रोलर व रंगसुरी ही त्यांची प्रमुख साधने बनली. रंगाचे थर चढवावयाचे व ते काही अंशी काढून खालचे थर उघडे करावयाचे, ही त्यांची पद्धती होय. त्यांचे १९६२ मधील एक चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९६३ मध्येच दाखल झाले. म्हणजे चित्रकाराच्या आधी त्याचे चित्रच त्या नगरीत पोहोचले होते! सारांश, या शैलीचा उगम त्या प्रवासात शोधणे सयुक्तिक नव्हे.

मग प्रवासाचे फलित कोणते? छापील प्रतिकृतीवरून रचना व रंगसंगती यांची कल्पना येते. पण चित्राचे आकारमान, पृष्ठाचा पोत व थरांची पारदर्शकता तीत हरवतात. आकृतिविरहित चित्रात तर अर्थाची वाहक हीच अंगे असतात. ती दालनात, चित्रासमोर उभे राहूनच अनुभवावी लागतात. म्हणून गायतोंडे यांना तेथे नवा मार्ग सापडला असे म्हणण्यापेक्षा, स्वीकृत मार्गाचा पडताळा मिळाला, हे अनुमान कालक्रमाशी अधिक सुसंगत दिसते.

हा प्रश्न एका चित्रकारापुरता नाही. ‘प्रभाव’ हा शब्द सैलपणे योजला, की भारतीय चित्रकार सदैव घेणाराच, हे गृहीतक नकळत सिद्ध मानले जाते. पुढे २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्याच गुगेनहाइम संग्रहालयाने गायतोंडे यांचे सिंहावलोकनपर प्रदर्शन भरविले. तथापि अशा उत्तरकालीन गौरवानेही मूळ प्रश्न सुटत नाही. चित्रकाराने काय पाहिले, केव्हा पाहिले आणि तत्पूर्वी त्याच्या हाती काय होते, या तीन प्रश्नांची साधार उत्तरे मिळाल्यावाचून अभ्यासकाने प्रभावाचा निर्णय देऊ नये.