रॉकचा नाद आणि कानाचा हिशेब

वाळूज एमआयडीसीतली रात्रपाळी सुटली की कंपनीच्या बसमध्ये दोनच प्रकारचे लोक दिसतात. एक झोपलेले आणि दुसरे कानात इअरफोन घातलेले. दुसऱ्या प्रकारातला सव्वीस वर्षांचा एक तरुण कान-नाक-घसा विभागाच्या ओपीडीत आला. तक्रार एकच. सगळं शांत झालं की कानात रातकिडा ओरडतो.

इअरफोन किती वेळ? जाता-येता पाऊण-पाऊण तास, आठवड्यातले सहा दिवस. आवाज किती? ‘फुल.’ ऐकतोस काय, असं विचारल्यावर मात्र तो खुलला. घरात गाणं म्हणजे भजन, नाहीतर अजय-अतुल. सिडकोतल्या मावसभावानं पेनड्राइव्हमध्ये ‘लिंकिन पार्क’ भरून दिलं, तिथून ‘मेटॅलिका’, ‘निर्वाणा’ आणि मग उलटं मागे जात ‘डीप पर्पल’, ‘पिंक फ्लॉइड’. पहिल्यांदा मेटल ऐकलं तेव्हा त्यालाही आईसारखंच भांडी आपटल्यागत वाटलं होतं. आठव्या-दहाव्या वेळी गोडी लागली.

यात नवल नाही. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८मध्ये दाखवलं होतं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांना २०११मध्ये असं आढळलं, की आवडत्या गाण्यातली रोमांचाची जागा येण्याआधीच मेंदूत डोपामाइन स्रवू लागतं. मेंदू पुढचं ओळखून वाट पाहतो. नव्या शैलीत सुरुवातीला काही ओळखताच येत नाही, म्हणून तिला थोडा वेळ द्यावा लागतो. रॉक हे परदेशी खूळ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड तिथलाच.

तेव्हा दोष आवडीचा नाही. आंतरकर्णात, म्हणजे कॉक्लियात, जेमतेम पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या आधी थकतात. जोरदार संगीतानंतर कान दडे बसल्यासारखे होतात ते यामुळेच. मार वारंवार बसला की त्या मरतात. पक्ष्यांमध्ये अशा पेशी पुन्हा उगवतात, माणसात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे. ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, ९०ला ४ तास, १००ला फक्त सुमारे २० मिनिटं. बसच्या घरघरीवर मात करायला हा तरुण ९०च्या आसपास ऐकत असेल, तर त्याचा आठवड्याचा कोटा तिसऱ्याच दिवशी संपतो. प्रेस शॉपमधला दणदणाट वेगळाच. आवाज यंत्राचा की गिटारचा, हे केसपेशीला कळत नाही.

ऑडिओग्रामवर ४,००० हर्ट्झपाशी खळगा दिसला. बोलणं त्याला नीट ऐकू येत होतं, पण गर्दीत ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटू लागले होते. झांजांची किणकिणही याच वरच्या पट्टीतली. म्हणजे ज्यासाठी आवाज वाढवला, तेच आधी जातं. ‘द हू’चा पीट टाउनशेंड कानातल्या अशाच आवाजाबद्दल अनेकदा बोलला आहे. ‘एसी/डीसी’च्या ब्रायन जॉन्सनला २०१६मध्ये बहिरेपणाच्या धोक्यामुळे दौरा अर्धवट सोडावा लागला.

शैलीनुसारही फरक पडतो, याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त पियानोचा हळुवार भाग येतो, मग कल्लोळ, मग पुन्हा शांतता. कानाला उसंत मिळते. याउलट अनेक मेटल अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच मोठ्या पातळीवर दाबून बसवलेले असतात. ‘मेटॅलिका’च्या २००८च्या ‘डेथ मॅग्नेटिक’वर तर चाहत्यांनीच याबद्दल ओरड केली होती. अॅपमध्ये सर्व गाण्यांची पातळी सारखी करणारं ‘नॉर्मलायझेशन’ असतं. ते बंद करू नये.

ऐकणं सोडायला त्याला कुणी सांगितलं नाही. आवाज साठ टक्क्यांच्या आत, बाहेरची घरघर अडवणारे, कानात घट्ट बसणारे इअरफोन (बसमध्ये, दुचाकीवर मुळीच नाही), कारखान्यात इअरप्लग आणि मधूनमधून कान मोकळे, एवढंच. फोनमधला हेडफोनचा आवाज मोजणारा आकडा रविवारी एकदा पाहायचा. एकाएकी एका कानानं ऐकू येईनासं झालं, तर मात्र मळ असेल म्हणून तेल घालत बसू नये. दोन-तीन दिवसांच्या आत तज्ज्ञ गाठावा. उपचार जितक्या लवकर सुरू होतील, तितका त्यांचा उपयोग होण्याची शक्यता जास्त.

तीन महिन्यांनी तो पुन्हा आला. खळगा होता तिथंच होता, पण वाढला नव्हता. रातकिडा अजून ओरडतो, मात्र झोप लागते. सध्या ‘पिंक फ्लॉइड’ हळू आवाजात चालू आहे. त्यात मागे घड्याळं वाजतात, कुणीतरी हसतं. बसमध्ये फुल आवाजात हे कधी कळलंच नव्हतं, असं तो म्हणाला.