दहिसरची नदी आणि मनोरीची खाडी

साष्टी बेटाच्या वायव्य भागात, जेथे मुंबई महानगराची हद्द संपते, तेथे दहिसर वसले आहे. आणि १ जुलै २०१७ रोजी जकात उठेपर्यंत ज्याच्या नाक्याचे नाव प्रत्येक मालमोटारचालकाच्या तोंडी होते, त्या गावाचा पाण्याशी केवढा जुना संबंध आहे, हे फार थोड्यांच्या स्मरणात उरले आहे. वास्तविक दहिसर बृहन्मुंबईत आले तेच १९५७ साली; तोवर ते ठाणे जिल्ह्यातील एक खेडे होते.

तुळशी तलावाच्या परिसरातून निघणारी दहिसर नदी सुमारे १२ किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीस मिळते. मंडपेश्वराची शैव लेणी एके काळी याच नदीच्या तीरी होती. सोळाव्या शतकात, पोर्तुगीज अंमलात, त्यांच्यावर फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी मठ उभारला, आणि कालांतराने नदीचे पात्रही तेथून सरकले. खाडीपलीकडे गोराई, मनोरी आणि उत्तन ही गावे असलेले धारावी बेट आहे. शहरातील प्रसिद्ध धारावीशी त्याचा संबंध नाही. १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी जेथील किल्ला सर केला, ती ही धारावी.

या खाडीवरील व्यवहाराची घडी सर्वस्वी भरती-ओहोटीवर बसलेली आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने कळते, हा कोकणपट्टीचा जुना हिशेब. म्हणजे चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेस उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते. ज्यांची उपजीविका पाण्यावर अवलंबून आहे, त्यांना हे गणित घड्याळाइतकेच उपयोगी पडते, आणि माझ्या मते ते शाळांतून शिकवण्याच्या योग्यतेचे आहे.

पाण्यावर चालणाऱ्या व्यापाराचे एक दूरचे उदाहरण तुलनेसाठी घेऊ. सयाम (आजच्या थायलंड) देशात राजा मोंगकुट याच्या आज्ञेने १८६६ ते १८६८ या काळात दम्नेन सदुआक हा सुमारे ३२ किलोमीटरचा कालवा खोदून दोन नद्या जोडण्यात आल्या, आणि त्याच्या पाण्यावर नावांतूनच फळे-भाजीची विक्री करणारा बाजार नांदू लागला. पुढे रस्ते झाले, तसा तो ओसरला, आणि आज तो मुख्यत्वे प्रवाशांच्या आश्रयावर उभा आहे. आपल्या खाडीत नावेतून विक्री होत नाही. गोराई-मनोरीकडील भाजी आणि कोळणींच्या पाट्या तरीने या काठी येतात आणि बोरिवलीच्या बाजारात मांडल्या जातात. सयामचा बाजार पाहण्यासाठी जग लोटते. येथला मात्र पोट भरण्यासाठी चालतो, आणि म्हणूनच मला तो अधिक मोलाचा वाटतो.

नदीची अवस्था मात्र शोचनीय आहे. सांडपाणी, तबेल्यांचे शेण आणि दोन्ही काठांवरील बांधकामे यांनी तिचा श्वास कोंडला आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा ज्या प्रवाहांना आपण नाले समजत होतो त्या नद्या आहेत, याची जाणीव शहरास झाली. ती जाणीव टिकवायची, तर नदीकाठी भिंती बांधण्यापूर्वी सांडपाणी अडवले पाहिजे. कारण नदीत सोडलेली घाण अखेर त्याच खाडीत जाते, जिच्यावर कोळ्यांची जाळी पडतात. नागरिकांनी हे मागणे महापालिकेकडे सातत्याने मांडावे, आणि बोरिवलीच्या बाजारात गेल्यावर खाडी ओलांडून आलेल्या बाईच्या पाटीकडे आधी वळावे, एवढी विनंती आहे.